आधी आठवडे नीट मोजा

पोटातल्या बाळावर उपचार म्हटलं की बातमी होते ती दुर्बिणीची, लेझरची, गर्भाच्या हृदयात नेलेल्या फुग्याची. त्यातलं काही आपल्या मोठ्या शहरांत आता होतंही. पण महाराष्ट्रात जन्मापूर्वीच्या तपासण्यांचं आणि उपचारांचं घोडं अडतं ते ऑपरेशन थिएटरच्या कितीतरी अलीकडे. गर्भ नेमका किती आठवड्यांचा आहे, हेच कागदावर धड नसतं. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक गरोदर बाईची ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान एक सोनोग्राफी सरकारी खर्चाने व्हावी, आणि तीत ठरलेली तारीख बाळंतपणापर्यंत कुणी बदलू नये. महागड्या तंत्रज्ञानाच्या गप्पा त्यानंतर.

सध्या वय ठरतं ते शेवटच्या पाळीच्या तारखेवरून. त्या तारखेत २८० दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. हिशेब सोपा आहे, पण तो २८ दिवसांच्या नियमित पाळीवर उभा आहे. ज्यांची पाळी ४० दिवसांनी येते त्यांचा गर्भ या हिशेबात दीड-दोन आठवडे मोठा दिसतो. पहिलं मूल अंगावर पीत असताना, पाळी परत यायच्या आतच दिवस गेले, तर मोजायला तारीखच नसते. मग ‘पोळ्याच्या आसपास’, ‘नवरात्र उठलं तेव्हा’ असं काहीतरी कार्डावर चढतं. त्यात महिन्यांचा घोळ वेगळा. बाई सांगते ‘पाचवा लागला’, म्हणजे चार पूर्ण झाले; लिहिणारा पाच धरतो. चार आठवडे तिथेच इकडचे तिकडे होतात.

पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हाची लांबी हे वयाचं उत्तम माप. डोक्यापासून कुल्ल्यांपर्यंतची ही लांबी, म्हणजे सीआरएल, ४५ ते ८४ मिमीच्या दरम्यान असताना मोजली तर वय फार तर आठवड्याभराने चुकतं. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला चूक साधारण १० दिवसांची होते. २८ आठवड्यांनंतर पहिल्यांदाच सोनोग्राफी झाली तर तीन आठवड्यांपर्यंतची, कारण तोवर कुणाचं बाळ आईबापांवर जाऊन मोठं होतं आणि कुणाचं वार नीट काम करत नसल्याने लहान राहतं. मोजमापालाही शिस्त लागते. बाळ आडवं, सरळ, पूर्ण लांबीत दिसलं पाहिजे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये थोडं पाणी दिसलं पाहिजे. चित्र पडदाभर मोठं करून तीनदा मोजलं पाहिजे. बाळ अंग चोरून बसलेलं असताना मोजलं तर चार-पाच मिमी कमी भरतात आणि वय तीन-चार दिवसांनी घटतं. अशा वेळी आईला उठवून दहा मिनिटं चालायला लावायचं आणि पुन्हा बघायचं. यंत्राचा दोष इथे क्वचित असतो. बाहेर बाकावर पन्नास जणी बसल्या आहेत म्हणून ती दहा मिनिटं मिळत नाहीत.

आठवड्याच्या या फरकाने काय बिघडतं, ते आरएच निगेटिव्ह आईच्या उदाहरणात लख्ख दिसतं. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणी आरएच निगेटिव्ह असतात. बाळ पॉझिटिव्ह असेल आणि आईच्या रक्तात त्याच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली असतील, तर ती वारेतून पलीकडे जातात आणि बाळाचं रक्त फोडत राहतात. हे टाळण्यासाठी २८व्या आठवड्याला आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी हे इंजेक्शन देतात. गर्भपातानंतर आणि गर्भजल तपासणीनंतरही ते द्यावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. एकदा प्रतिपिंडं तयार झाली की या इंजेक्शनचा उपयोग संपतो. मग बाळाच्या मेंदूतल्या मधल्या रक्तवाहिनीत रक्ताचा वेग मोजत राहायचं. रक्त पातळ झालं की ते जोरात धावतं. वेग त्या आठवड्याच्या मध्यम वेगाच्या दीडपट झाला की बाळाला तीव्र पंडुरोग आहे असं धरतात.

आता ‘त्या आठवड्याच्या’ हे शब्द बघा. २४व्या आठवड्याला मध्यम वेग सेकंदाला सुमारे ३१ सेंमी असतो, म्हणजे धोक्याची रेषा ४६. २८व्या आठवड्याला मध्यम वेग ३७ आणि रेषा ५५ च्या जवळ. यंत्रावर ५० हा आकडा आला, तर २४ आठवड्यांच्या बाळाला पोटातच रक्त द्यायची तयारी करावी लागते. २८ आठवड्यांच्या बाळाला काही दिवसांनी परत बोलावलं तरी चालतं. वयच चार आठवड्यांनी चुकलं असेल तर एकतर नाहक सुई टोचली जाते, नाहीतर बाळ अंगात पाणी भरून पोटातच दगावतं.

ती सुई टोचणं म्हणजे काय, हेही समजून घ्यावं. ओ निगेटिव्ह, ताजं, पांढऱ्या पेशी गाळलेलं, किरणोत्सार दिलेलं रक्त आईच्या रक्ताशी जुळवून घेतात. ते इतकं दाट करतात की त्यात ७५ ते ८५ टक्के नुसत्या तांबड्या पेशी असतात, कारण बाळाच्या एवढ्याशा रक्ताभिसरणात जास्तीचं पाणी मावत नाही. सोनोग्राफीत बघत, नाळ वारेला जिथे चिकटते तिथल्या शिरेत सुई जाते. नाळ तिथे स्थिर असते. बाळ मध्येच हललं तर शीर फाटते, म्हणून बाळाला थोडा वेळ निश्चल ठेवणारं औषध देतात. या उपचाराची सुरुवात १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये विल्यम लायली यांनी केली. तेव्हा रक्त बाळाच्या पोटाच्या पोकळीत सोडत. हात बसलेल्या पथकांकडून आज बहुतेक बाळं वाचतात. पण अशा पथकाकडे बाई वेळेत पोचायची, तर तालुक्याच्या कागदावर तिचा रक्तगट, इनडायरेक्ट कूम्ब्ज तपासणी (आईच्या रक्तात ती प्रतिपिंडं आहेत का, हे सांगणारी) आणि आठवडे हवेत. पहिल्या दोन गोष्टी बहुधा सापडतात.

जुळ्यांचं तर पहिल्या सोनोग्राफीवाचून पानही हलत नाही. एकच वार वाटून घेणाऱ्या जुळ्यांत १० ते १५ टक्के वेळा एकाचं रक्त दुसऱ्याकडे वाहू लागतं. देणाऱ्याची पाण्याची पिशवी आटते, खोली २ सेंमीच्या आत येते. घेणाऱ्याची फुगते, ८ सेंमीच्या वर जाते. उपचार न केल्यास दोन्ही बाळं जाण्याची शक्यता फार मोठी. दुर्बिणीतून वारेवरच्या जोडरक्तवाहिन्या लेझरने बंद करता येतात, आणि त्यासाठी हाती वेळ असतो साधारण १६ ते २६ आठवडे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत लेझर केलेल्या ७६ टक्के गरोदरपणांत निदान एक बाळ वाचलं. नुसतं पाणी काढलेल्यांत ५६ टक्के. पण हा आजार वेळेत पकडायचा तर १६व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बघावं लागतं, आणि तसं कुणाला बोलवायचं हे वार एक की दोन यावर ठरतं. ते ओळखू येतं १४ आठवड्यांच्या आत. मधला पडदा वारेला काटकोनात मिळाला तर वार एक, जाड पाचरीसारखा मिळाला तर दोन. पाचव्या महिन्यात ती पाचर कधीकधी दिसेनाशी होते. मग अहवालात ‘जुळे, दोन्ही जिवंत’ एवढंच येतं. ते खरं असतं आणि निरुपयोगी असतं.

रक्ताच्या तपासण्यांत चुकलेले आठवडे वेगळ्या वाटेने छळतात. आईच्या रक्तावरून डाउन सिंड्रोम या जन्मजात दोषाची शक्यता सांगणाऱ्या, १५ ते २० आठवड्यांत होणाऱ्या क्वाड्रुपल चाचणीत एएफपी हे द्रव्य आठवड्यागणिक चढतं आणि एचसीजी उतरतं. डाउन सिंड्रोममध्ये एएफपी कमी आणि एचसीजी जास्त असतं. आता गर्भ खरा १६ आठवड्यांचा आणि फॉर्मवर लिहिलं १९, तर निरोगी बाळाचं एएफपी कमी आणि एचसीजी जास्त दिसणार. प्रयोगशाळेचं यंत्र अचूक, रसायनं ताजी, आणि अहवाल ‘हाय रिस्क’. त्यात २०० मध्ये १ हा आकडा घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही. अशा २०० जणींपैकी १९९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. ही चाळणी आहे, निदान नाही. निदान वारेचा तुकडा किंवा गर्भजल तपासून होतं. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. ती न दिल्याने किती घरांत रडारड होते ते प्रसूतितज्ज्ञांना विचारा.

विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हाच प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रूपाने येतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करायचं आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन करायचं ठरलं. चांगली गोष्ट आहे. पण नवरा-बायको दोघं वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि वारेचा तुकडा घेण्याची वेळ ११ ते १४ आठवडे. सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून काही मिलिग्रॅम तुकडा काढतात आणि त्याला चिकटलेलं आईचं आवरण सूक्ष्मदर्शकाखाली खरवडून टाकतात. तेवढं नीट झालं नाही तर तपासणी बाळाऐवजी आईची होते आणि उत्तर ‘वाहक’ येतं. हे काम करणारी मुरलेली संस्था परळला केईएमच्या आवारात आहे. धडगावच्या बाईने पहिल्यांदा नाव नोंदवलं १४व्या आठवड्याला, तर तिच्या हातातल्या सिकलसेल कार्डाचा या बाळापुरता उपयोग काय?

वय न मोजता दिलेला उपचार अंगावर कसा येतो, याचा धडा नागपूरजवळच आहे. दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइड दिल्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे १९७२ पासून माहीत आहे. भारत सरकारने २०१४ मध्ये २४ ते ३४ आठवड्यांसाठी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार मात्रा असं ठरवलं आणि नर्सबाईलाही ते सुरू करायची मुभा दिली. औषध स्वस्त, फ्रिजची गरज नाही. मात्र २०१५ मध्ये सहा देशांतल्या गावपातळीवरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. नागपूर आणि बेळगाव ही तिची भारतातली केंद्रं होती. ज्या चिमुकल्या बाळांसाठी औषध दिलं त्यांचे मृत्यू घटले नाहीत, उलट सगळी बाळं मिळून नवजात मृत्यू आणि आयांमधला जंतुसंसर्ग वाढला. औषध मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं मुळात तेवढी अपुऱ्या दिवसांची नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत पुन्हा केलेल्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. ती झाली होती बाळाची काळजी घेऊ शकणाऱ्या रुग्णालयांत आणि सोनोग्राफीने वय ठरवून. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. रुग्णालयाच्या दर्जाचं श्रेय आहेच, पण आठवडे ठाऊक असणं ही त्यातली पहिली अट होती.

गर्भपाताच्या कायद्याची तऱ्हाही तीच. २००८ मध्ये निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयातला दोष कळला तेव्हा २० आठवड्यांची मर्यादा उलटली होती. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि त्या प्रकरणापासून मर्यादा वाढवायची मागणी जोर धरू लागली. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक कारणांसाठी ती २४ आठवडे झाली, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मतावर त्यापुढेही वाट मोकळी झाली. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ३२ आठवड्यांच्या पुढच्या गर्भाच्या बाबतीत, मंडळाचं मत प्रतिकूल असतानाही, निर्णय त्या बाईचा आहे असं म्हणून परवानगी दिली. ही वाटचाल योग्यच आहे. मात्र त्या प्रकरणातला दोष होता डोकं लहान असण्याचा, आणि डोकं लहान आहे हे ठरतं आठवड्यांशी ताडूनच. अशा ठिकाणी वय तीन आठवड्यांनी चुकलेलं असेल तर मंडळापुढचा कागदच खोटा बोलतो. उलट कवटीच तयार न होण्यासारखा दोष १२व्या आठवड्याला दिसतो. तो २६व्या आठवड्याला सापडून एखादी बाई मंडळाच्या दारात उभी राहत असेल, तर तिथे कायदा नाही, आरोग्यसेवा नापास झालेली असते.

या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप अर्थातच गर्भलिंगनिदानाचा. तो झटकून टाकता येणार नाही. गर्भजल तपासणीचा धंदा ऐंशीच्या दशकात मुंबईत फोफावला, म्हणूनच १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला; केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरीही राज्यात हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालच्या मुली २००१ मध्ये ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या, बीडमध्ये ८०७. शिवाय १२व्या आठवड्याच्या सुमाराला सराईत डोळ्याला लिंगाचा अंदाज येतो. मग याच आठवड्यांत सोनोग्राफी सक्तीची करायची म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या नाहीत का?

नाहीत, कारण ज्याला लिंगनिदान विकत घ्यायचं आहे तो सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभा राहत नाही. त्याला हवं ते बाहेर, पैसे मोजून, चोरून मिळतं. आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएवरून तर दहाव्या आठवड्यापासून लिंग कळू शकतं. सोनोग्राफी मिळत नाही ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणाऱ्या बाईला. कायदा ढिला करा असं आमचं म्हणणं नाही. यंत्रांची नोंदणी, २०१२ पासूनचे हलत्या यंत्रांवरचे निर्बंध, प्रत्येक सोनोग्राफीची नोंद करायचा फॉर्म एफ, सगळं जसंच्या तसं राहावं. फॉर्ममधल्या अपुऱ्या नोंदी हाही गुन्हाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं, तेव्हा डॉक्टरांच्या संघटना नाराज झाल्या. पण फॉर्म हाच एकमेव पुरावा असतो, हे न्यायालयाचं म्हणणं चूक नव्हतं. डॉक्टरांना सूट देण्यापेक्षा प्रत्येक सरकारी सोनोग्राफी खोलीत फॉर्म भरायला एक माणूस द्यावा.

दुसरा आक्षेप अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतून येतो: तपासण्या वाढल्या की ‘नकोशी’ बाळं वेचून काढली जातील. क्वाड्रुपलसारख्या चाचण्यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि डाउन सिंड्रोम असलेली मुलं कशी वाढतात हे त्या मुलांच्या पालकांकडूनही कळण्याची सोय समुपदेशनात हवी. वय मोजणारी सोनोग्राफी मात्र दोष वेचण्यासाठी नाही. वर सांगितलेले रक्त देणं, लेझर, स्टेरॉइड हे सगळे बाळ वाचवायचेच उपचार आहेत.

आता प्रत्यक्षात करायचं काय? १२व्या आठवड्याला ग्रामीण रुग्णालयात पाचच गोष्टी बघाव्यात: गर्भ गर्भाशयातच आहे का, ठोके, संख्या, जुळी असतील तर वार किती, आणि सीआरएल, जाताजाता कवटी. मानेमागच्या पाण्याचं माप तिथे घेऊ नये. त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि चुकीचं माप न घेतलेल्या मापापेक्षा वाईट. एवढं काम २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर दहा-पंधरा मिनिटांत करू शकतो. १८ ते २० आठवड्यांचा ॲनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांतले दोष बघणारी सोनोग्राफी) मात्र रेडिओलॉजिस्टने, जिल्हा रुग्णालयात, अर्धा-पाऊण तास देऊन करावा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, पण ती योजना दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी आहे. तीत पहिली तिमाही घातली तर नवी योजना काढावी लागणार नाही. (फॉलिक ॲसिडचं मात्र यानेही भागत नाही. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे उरतात. रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्याआधीच सुरू व्हायला हवी, आणि आधीच्या मुलाची ही नळी मिटली नसेल तर दहापट मात्रेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने.)

सीआरएलवरून निघालेली तारीख माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर शाईने लिहावी. आज प्रत्येक सोनोग्राफीचं यंत्र त्या दिवशीच्या मापांवरून नवी तारीख छापतं आणि घरचे, कधीकधी डॉक्टरही, तीच धरून चालतात. बाळ पोटात खुरटत असेल तर तारीख पुढे ढकलली जाते, बाळ वयाप्रमाणे ठीक वाटतं आणि खुरटणं झाकलं जातं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर तारीख गावातच राहते. भाद्रपदात नाव नोंदवलेली बाई दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघते आणि कारखान्याच्या तळावर तिचा कागद शून्यापासून सुरू होतो. टोळी निघायच्या आत बीड, जालना, अहिल्यानगरच्या आशाताईंनी अशा बायकांची यादी करून सोनोग्राफी उरकून घेतली आणि कार्डाचा फोटो नवऱ्याच्या आणि मुकादमाच्या फोनवर टाकला, तरी पुष्कळ होईल.

आणि जी पहिल्यांदाच विसाव्या आठवड्याला येते तिला, ‘उशीर केलात’ म्हणून बोल लावून परत पाठवू नये. डोक्याचा घेर, मांडीचं हाड आणि लहान मेंदूची रुंदी, ही तिन्ही मापं घ्यावीत. या सुमाराला लहान मेंदूची मिलिमीटरमधली रुंदी जवळजवळ आठवड्यांइतकीच भरते, आणि बाळ थोडं खुरटलं तरी ती सहसा बदलत नाही. कार्डावर तारखेपुढे लिहावं: ‘सोनोग्राफीवरून, १० दिवस मागेपुढे’. म्हणजे पुढे वेग मोजणाऱ्याला, स्टेरॉइड देणाऱ्याला आणि मंडळावर बसणाऱ्याला त्या आकड्यावर किती भार टाकायचा ते कळेल.